समाधानी गावाचा फॉर्म

साहेबरावांना भर दुपारी गौरम्मा दिसते. लातूरच्या कचेरीच्या दारात, चिखलानं भरलेल्या लुगड्यानं उभी राहते. लोक म्हणतात, ऊन लागलंय. लोकांचं काय जातंय म्हणायला!

त्याचं असं झालं. लातूर जिल्हा नवा झाला आणि पुढच्याच उन्हाळ्यात पाणी आटलं. टँकर मोजके, गावं ढीगभर. गावोगाव फिरून फॉर्म भरायचं काम कारकून साहेबरावांच्या गळ्यात पडलं. ज्वारी किती, करडई किती, जनावरं किती. आणि शेवटी दोन रकाने: पाणी आहे काय, लोक समाधानी आहेत काय. त्यावरून टँकर ठरायचा.

रेणापूरकडच्या एका गावात ते वीरण्णा नावाच्या शेतकऱ्याच्या दारी गेले. घरात बायको गौरम्मा एकटीच होती. साहेबराव बौद्ध घरातले. लहानपणी असल्या दारांत त्यांना पाणी मिळायचं ते बाहेर उभं राहून, ओंजळीत, वरून. सवयीनं त्यांनी ओंजळ पुढं केली.

"असं काय करता, भाऊ? आत या, बसा की," गौरम्मा म्हणाली आणि भरलेला तांब्याच हातात दिला.

डोळे भरून आले हो त्यांचे! घटाघटा सगळा तांब्या रिकामा केला.

"मावशी, बरं हाय ना समदं?"

"बरंच म्हणायचं की."

आलेल्या माणसापुढं रडगाणं कोण गातं? पण साहेबराव हुरळले होते. तांब्याभर पाणी देणाऱ्या घराला कसली टंचाई, असं वाटलं त्यांना. विहीर बघायला दहा पावलंसुद्धा गेले नाहीत. लिहून टाकलं: पाणी आहे. लोक समाधानी.

टँकर दुसऱ्या गावाला गेला. करडईचा आकडा चांगला आला म्हणून वरचे साहेब खुश!

पंधरा दिवसांनी कळलं. तळाचं पाणी वाटीनं भरायला गौरम्मा विहिरीत उतरली, दगड निसटला, जागीच गेली.

साहेबराव तसेच वीरण्णाकडं धावले, पाय धरले. "अण्णा, मी लिहिलं. माझ्या हातून झालं."

वीरण्णानं पाय मागं घेतले.

"सांजपातुरचं पाणी होतं ते. तुमी पोटभर पिलात म्हणून दिसभर खुशीत होती," तो म्हणाला. मग हळूच बोलला, "आलेल्या माणसाला तिनं न्हाई कसं म्हणावं? पण भाऊ, पाण्यासाठी दारात ताटकळणं काय असतं, ते तुमाला ठावं होतं. तुमी तरी हीर बघायची होती."