होडी कशानं पळते

इंद्रायणी संपला म्हणून आज जॅस्मिन राइस लावला. राइस कुकरच्या वाफेबरोबर तो फुलांसारखा वास पार्सिपनीतल्या माझ्या किचनभर पसरला आणि शिकत असतानाचं, स्टेट कॉलेज गावातलं जुनं अपार्टमेंट आठवलं.

तिथे माझी चिनी रूममेट लिन असाच भात लावायची. एका संध्याकाळी ती क्लासमधून तणतणतच आली. प्रोफेसरांनी एक जुनी चिनी कविता शिकवली होती. एक माणूस पहाटे होडीत बसतो आणि डोंगर मागे टाकत सुसाट निघतो. प्रोफेसर तासभर नदीचं कौतुक करत बसले होते.

"नदी कसली!" लिननं राइस कुकरचं झाकण आपटलं. "अगं, त्याला हद्दपार केलं होतं. माफी मिळालीय, तो घरी चाललाय. म्हणून होडी पळतेय!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एका कवितेसाठी एवढं? मला कळेना.

आता कळतंय. आई नागपूरला हॉस्पिटलमध्ये आहे. माझी व्हिसाची फाइल अडकलीय. वकील थंडपणे सांगतो, "गेलात तर परत येता येईलच असं नाही." इथे माझी मुलगी शाळेत शिकतेय.

आणि मघाशी ओळखीच्या एका काकूंचा फोन. "अगं, हल्ली विमानानं कितीसा वेळ लागतो? पटकन जाऊन ये ना!"

पटकन! त्या विमानाच्या वेगाला काय चाटायचंय?

फोन ठेवला आणि राइस कुकरचं झाकण धाडकन आपटलं.

"आई, व्हॉट हॅपन्ड?" आतून मुलगी ओरडली.

"काही नाही," मी म्हटलं. "भात झालाय."