उस्मानपुऱ्यातला निळा कोट

त्या कोटाला पावडरचा, डोक्याच्या तेलाचा आणि कुणाकुणाच्या घामाचा वास होता. उस्मानपुऱ्यातल्या एका जुन्या फोटो स्टुडिओत आरशाशेजारी तो टांगलेला असे आणि स्थळांना पाठवायचा फोटो काढून घ्यायला येणारा जो तो तोच निळा कोट चढवून उभा राही. चैत्र नुकता लागला होता, बाहेरच्या कडुलिंबाच्या मोहोराचा मंद गंध वाऱ्याबरोबर आत येत होता, आणि मी, चितेगावच्या कंपनीत कायम झालेला, चांगल्या पगाराचा, पण उंचीनं कमी आणि कपाळावरचे केस मागे सरलेला उपवर, त्या ढगळ कोटात ताठ उभा होतो. स्टुडिओवाल्या काकांनी कोट पाठीमागून ओढून त्याला कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. "समोरून कळत नाय काही," ते म्हणाले.

माझ्यामागून देवगाव रंगारीचा एक तरुण आला, बरोबर त्याची आई. त्यानं कोट अंगात घातला आणि तो त्याच्याच मापानं शिवल्यासारखा बसला. रुंद खांदे, उन्हानं तांबूस झालेली कांती, स्वतःच्या देखणेपणाची खबरच नसलेले डोळे. काकांनी कुणी न सांगता दिवा सरकवला, मागचा पडदा बदलला; माझ्या वेळी त्यांना यातलं काहीच सुचलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला. माझा फोटो मिळाला तरी माझा पाय निघेना.

"तुम्ही कुठं असता, दादा?" त्याच्या आईनं विचारलं. मी सांगितलं. "परमनंट? नशीब काढलं. आमच्याला बघून लई जण फोन करतात, पण कापडाच्या दुकानातला पगार ऐकला की पुन्हा फोन नाय."

तरुणानं कोट उतरवता उतरवता माझ्याकडं पाहिलं, मी इतका वेळ त्याच्याकडं पाहत होतो अगदी त्याच नजरेनं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

वैशाखात एक मुलगी पाहायला गेलो. चहापाणी झाल्यावर मोठ्यांनी आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. ऊन कलतं झालं होतं, कुंडीतला मोगरा उमलत होता, आणि ती इतकी सहज बोलत होती की मी माझी उंची विसरून गेलो. मग ती एकदम हसली.

"तुमच्या फोटोतला कोट मी ओळखते. देवगावच्या एका स्थळाचा फोटो आला होता, त्यात हाच होता. त्यांना लई छान बसला होता."

एवढं बोलून ती थांबली आणि मोगऱ्याचं एक पान उगाच चुरगाळत राहिली.

"मग?" मी विचारलं.

"पप्पांना पगार कमी वाटला."

'आणि तुम्हाला?' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण तिचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं, हे मला कळत होतं. मी तिला कंपनीच्या बसच्या वेळा सांगत बसलो.

पुढच्याच आठवड्यात होकार आला. फोन तिच्या वडिलांचा होता. आई पेढे आणायला चपला घालत होती.

"ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"ती काय म्हणणार? ते व्हय म्हणले ना!"

आई हसली, मीही हसलो. ती मुलगी मला मनापासून आवडली होती. आई जिना उतरून गेली तरी मी दारातच उभा होतो, पाठीला चिमटे अजून लागलेलेच असावेत तसा, ताठ.