चौथ्या चौकटीतला सज्जन

टीव्हीवरच्या चर्चेत माझी जागा ठरलेली होती. पडद्यावरची चौथी चौकट, खालच्या कोपऱ्यातली. मी मंठ्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो आणि वर्गातली एक खोड माझ्या हाडीमाशी खिळलेली आहे. समोरच्याचं बोलणं संपल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही. टीव्हीवर समोरच्याचं कधी संपतच नाही. मग मी मान डोलवायचो, अधूनमधून "एक मिनिट" म्हणायचो, आणि कार्यक्रम आटोपायचा. लग्नात लोक भेटले की म्हणायचे, "सर, काल दिसलात!" काय बोललात, हे कुणी विचारत नसे.

शेवटी वाहिनीतल्या मुलीचा फोन आला. "सर, तुम्ही फार सज्जन आहात." टीव्हीच्या धंद्यात ही शिवीच. आज बोलला नाहीत तर पुढच्या वेळी दुसरं कुणी बघू, हेही तिनं गोड आवाजात सांगून टाकलं. मला ती चौकट हवी होती, अगदी मनापासून हवी होती. खोटं कशाला बोलू?

मी चर्चेत घरूनच, मोबाइलवरून बसतो आणि आमच्या घराखाली पिठाची गिरणी आहे. ती चालू असली की आमच्या ताटातल्या वाट्यासुद्धा वाजतात. बायकोनं खाली जाऊन गिरणीवाल्या मावशींना गळ घातली. मावशींनी गिरणी थांबवली, पण दळणाला आलेल्या बायका रिकाम्या कशाला बसतील? डबे रांगेत ठेवून सगळ्या वर आल्या आणि माझ्या मोबाइलच्या मागे दाटीवाटीनं बसल्या. तोंडाला पदर लावलेले, मावशींच्या भुवयांवर पीठ. मला हसू आवरेना.

यंदा कोण निवडून येणार, यावर चर्चा सुरू झाली आणि दोन प्रवक्ते एकमेकांवर तुटून पडले. मी म्हटलं, "एक मिनिट." थोड्या वेळानं पुन्हा म्हटलं. बायकोनं डोळे वटारले. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा मावशींचा धीर सुटला.

"आवो, आमच्या सरला बोलू द्या की जरा! म्या कवाची गिरणी बंद ठेवून राह्यले! बिलकुल ऐकूनच घेत न्हाईत!"

हे थेट प्रक्षेपणात गेलं. निवेदक हसू दाबत म्हणाला, "बोला सर, आता तुम्हीच बोला."

मग काय, माझी गाडी जी सुटली! म्हटलं, आमच्याकडचा मतदार सगळ्यांच्या सभेला जातो, सगळ्यांचा चहा पितो आणि मत कुणाला देणार ते सख्ख्या भावाला सांगत नाही. तो मला काय सांगणार? पदराआड खसखस पिकली. मला आणखी चेव चढला. निवेदक म्हणाला, "सर, थांबूया." मी म्हणालो, "थांबा हो, माझं संपू द्या!" हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं आणि इतका आनंद झाला की लगेच पुन्हा उच्चारलं.

मावशी उठल्या. "आता बास, सर. लाईट जायची येळ झाली. मंग दळण कवा व्हायचं?"

खाली गिरणी घरघरू लागली. माझा समारोप कुणालाच ऐकू गेला नाही. बायका हसत सुटल्या, बायको हसत सुटली, आणि चौथ्या चौकटीत मीही पोट धरून हसत होतो.

कार्यक्रम संपताच त्या मुलीचा फोन आला. "सर, तुमची जागा पक्की! पुढच्या बुधवारी याल ना?"

मी म्हटलं, "खाली विचारून सांगतो."