ट्रॅक जड होता हो!

माझे भावोजी रेसकोर्सवर जमिनीचे ज्योतिषी होते. शर्यतीच्या सकाळी ट्रॅकमध्ये काठी खुपसायची आणि फळ्यावर ‘कडक’, ‘नरम’ किंवा ‘जड’ लिहायचं, एवढंच काम. रुबाब मात्र असा, जणू घोडे यांना विचारूनच पळतात. हरलेला ट्रेनर मालकाला तोच फळा दाखवायचा, "घोडा फर्स्टक्लास आहे, पण ट्रॅक जड होता हो!"

मग कृत्रिम ट्रॅकची टूम निघाली. वाळू, रबर आणि मेणाचा हा ट्रॅक म्हणे ऊन असो की पाऊस, सदा एकसारखा. घोड्यांचे पाय कमी मोडतील, असं डॉक्टर म्हणाले. "घोडे काय पायपुसण्यावर पळवायचे?" असं जुने ट्रेनर म्हणाले. बरीच तोंडाची वाफ दवडून झाली आणि ट्रॅक आलाच. भावोजी घरी बसले. ताईने त्यांच्या काठीने जळमटं काढायला घेतली.

पहिल्याच शर्यतीनंतर पंचाईत झाली. मालकांनी हरलेल्या ट्रेनरांना विचारलं, "आता कशामुळे?" दुसऱ्या दिवशी सगळे ट्रेनर, नव्या ट्रॅकचे गोडवे गाणारेसुद्धा, ताईच्या दारात हजर. "काका, काठी घेऊन चला."

पुढच्या शर्यतीला फळ्यावर भावोजींच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘जरा जड’.

ताई भडकली. "अहो, रबरात काठी शिरली तरी का? खोटं लिहायला लाज नाही वाटत?"

"उगाच आवाज चढवू नकोस," भावोजी म्हणाले. "माती होती तेव्हा तरी काठीकडे कोण बघत होतं? मी ट्रेनरांची तोंडं बघूनच लिहायचो."