अक्काच्या डोंगरात

नगरहून सकाळची पहिली एस.टी. धरली तेव्हा स्टँडमागच्या नळावर हंड्या-कळश्यांची रांग लागलेली होती. एकाहत्तर सालचा भाद्रपद होता तो. पावसानं आमच्या बाजूला यंदाही तोंड फिरवलं होतं. राहुरीपर्यंत दोन्ही बाजूंना बाजरी गुडघ्याएवढीच दिसत होती. पिशवीत दोन धोतरं, आईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू आणि एक टाइप केलेला अर्ज होता. अर्जावर फक्त माझ्या बहिणीची सही व्हायची होती.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्नानंतर दोन वर्षांतच तिचे यजमान गेले. ती माहेरी आली, नर्सबाईचं शिक्षण घेतलं आणि अकोले तालुक्याच्या पार टोकाला, घाटमाथ्यावरच्या उंबरदरा नावाच्या वाडीत नोकरीवर गेली. दोन वर्षांत परत येते म्हणाली होती. त्याला नऊ वर्षं झाली. एवढ्या काळात ती तीनदा नगरला आली, आणि तिन्ही वेळा चार दिवसांत परत गेली. आता अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कोणाकोणाला भेटून नगरच्याच एका दवाखान्यात तिच्यासाठी जागा ठरवली होती; अर्ज त्याच जागेचा होता. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करतो. मला आठ-दहा दिवस रजा मिळण्यासारखी होती. अण्णा एवढंच म्हणाले, "रिकाम्या हातानं येऊ नकोस."

संगमनेरला गाडी बदलली. अकोल्याच्या पुढे हवेचा वास बदलला, ओल्या मातीचा आणि कुजत्या पानांचा झाला. राजूरला उतरलो तेव्हा दुपार कलली होती आणि पश्चिमेला, जिथं डोंगर असायला हवेत, तिथं नुसते ढग होते. राजूरच्या पलीकडच्या मुलखाला लोक डांगाण (डोंगरांचा, रानाचा प्रदेश) म्हणतात. तिकडे जायला तेव्हा वाहन नव्हतं. रात्री देवळाच्या ओवरीत पथारी टाकली आणि सकाळी टपालवाल्यांबरोबर निघालो.

सखाराम टपालवाले पन्नाशीचे होते. अंगात खाकी कोट, पायांत काही नाही. आठवड्यातून एकदा ते त्या वाड्यांचा फेरा करत. मी कोण हे कळल्यावर ते म्हणाले की तुमच्या वडिलांचं अक्षर मी ओळखतो. महिन्याला एक पत्र येतं. बाई ते दारातच उभ्या उभ्या वाचतात, घडी घालून पत्र्याच्या डब्यात ठेवतात. उत्तर द्यायचंय का विचारलं तर म्हणतात, पुढच्या खेपेला.

वाट भातखाचरांच्या बांधांवरून, मग ओढ्यातून, मग चढणीला. दुपारपर्यंत माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. सखारामांनी वाटेतल्या एका झाडाची साल सोलून तो बांधून दिला. एका वळणावर ढग फाटले आणि मी जागीच उभा राहिलो. समोरचा सगळा उतार सोनकीच्या फुलांनी पिवळा झाला होता आणि त्याच्या कडेकडेनं तेरड्याची जांभळी झाक होती. वरून कड्यावरून पाण्याच्या दहा-बारा पांढऱ्या धारा पडत होत्या, पण इतक्या लांबवर, की आवाज येत नव्हता. खाली मुळा नदी होती, लुगड्याच्या काठाएवढी. हीच पुढे राहुरीला जाते, हे मला माहीत होतं. पण खरं वाटेना. राहुरीची ती नदी आणि ही नदी एकाच जिल्ह्यात कशा असतील, असं काहीतरी मनात आलं. तेवढ्यात ढग पुन्हा मिटले.

उंबरदरा म्हणजे महादेव कोळ्यांची वीस-बावीस घरं. कुडाच्या भिंती, गवताची छपरं, छपरांवर काकडीचे वेल. अक्काचं घर टोकाला होतं. ती अंगणात मोठ्या पातेल्यात सुया-कात्र्या उकळत होती. मला पाहून तिनं आश्चर्य दाखवलं नाही. "पाय धू," म्हणाली, "जळवा बघ लागल्यात का." दोन लागल्या होत्या. तिनं त्या मीठ लावून काढल्या, आणि मगच माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

पहिले तीन दिवस मी अर्जाचा विषय काढलाच नाही. काढणं जमलं नाही, हे जास्त खरं. तिथं दिवस वेगळ्याच चालीनं जात. सकाळी दार उघडलं की धुकं घरात यायचं, चुलीपर्यंत. त्यातून एखादी म्हैस, एखादी घोंगडी पांघरलेली आकृती प्रकट व्हायची आणि पुन्हा विरघळून जायची. अक्का दारात बसून कुणाच्या जखमेला पट्टी बांधायची, कुणाच्या मुलाचे डोळे धुवायची. पोरं तिला मावशी म्हणत, त्यामुळे मी पहिल्या दिवशीच अख्ख्या वाडीचा मामा झालो. नागलीची (नाचणीची) काळसर भाकरी आणि खाचरातल्या खेकड्यांचं झणझणीत कालवण मी तिथं पहिल्यांदा खाल्लं. आमच्या घरात खेकडा नाव काढलेलंही चालत नाही. अक्का कवच फोडून मला कसं खायचं ते दाखवत होती आणि हसत होती. तिला असं हसताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. दुपारी मी हिरड्याच्या झाडाखाली पडून राही. वर एक शेकरू एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर, तपकिरी ज्योत सरकावी तसं सरके. नगर, छापखाना, शिशाचा वास, सगळं कुणा दुसऱ्याच्या आयुष्यातलं वाटायला लागलं. मग अण्णांचे शब्द आठवत, आणि मी उठून बसे.

चौथ्या दिवशी सकाळी वरच्या पठारावरच्या वस्तीतून धोंडू नावाचा माणूस धावत आला. त्याची बायको पहाटेपासून अडली होती. अक्कानं पिशवी भरली. मीही निघालो. ती नको म्हणाली नाही, एवढंच सांगितलं, की मागं पडलास आणि धुकं आलं तर जागेवर बस. एक पाऊल टाकायचं नाही.

वाट नळीतून (दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून) वर जात होती. धोंडू आणि अक्का सरसर चढत होते. मी दगडाला धरून, श्वास घेत. पठारावर पोहोचलो तेव्हा ते दोघं पुढे गेलेले दिसत होते. मी वहाण बांधायला वाकलो. सरळ झालो, तर समोर काहीच नव्हतं.

धुकं आलं म्हणजे काय, ते मला तोवर कळलं नव्हतं. माझे पाय मला दिसत नव्हते. हाक मारली, ती कापसात मारल्यासारखी माझ्याजवळच राहिली. मी खाली बसलो. गवत ओलं होतं, त्यात बारीक निळी फुलं होती, हातभर अंतरावरची तेवढी दिसत. सुरुवातीला भीती वाटली. वाघाची, कड्याची. मग किती वेळ गेला कोण जाणे, भीती कुठंतरी गळून पडली. डोळे उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सारखंच पांढरं. कुठून तरी पाण्याचा आवाज येत होता, पण तो वरून की खालून, कळत नव्हतं. मला वाटलं, आपण इथं कितीही वेळ बसलो तरी कोणी विचारणार नाही, इतका उशीर का. आयुष्यात इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. आणि त्याच क्षणी लाजही वाटली, कारण थोड्याच अंतरावर एक बाई अडलेली होती.

धुक्यातून आधी काठीचा आवाज आला, मग पाठीवर इरलं (पावसात पांघरायचं पानांचं आच्छादन) घेतलेली एक म्हातारी. ती धोंडूची आई, ठकाबाई. भावाला घेऊन या म्हणून अक्कानं तिला पाठवलं होतं.

"हालला न्हाई ते लई बरं केलं," ती म्हणाली. मी विचारलं, का? तिनं काठी पुढे करून दाखवली. "हितनं धा पावलांवर कडा हाय. खाली समदं कोकन."

मी तिच्या पदराचं टोक धरून लहान मुलासारखा चालत गेलो.

वस्तीत चारच घरं होती. धोंडूच्या पडवीत मी त्याच्याजवळ बसलो. आत बायका होत्या. अक्काचा आवाज मधूनमधून येई, ठाम आणि हळू. धोंडूच्या बायकोचं ओरडणं वाढत गेलं आणि मग एकदम थांबलं. धोंडू उठून उभा राहिला. आम्ही दोघंही एका आवाजाची वाट पाहत होतो. तो आला नाही. आत अक्का काहीतरी करत होती. फुंकर घातल्यासारखा, पाठीवर थापटल्यासारखा आवाज बराच वेळ येत राहिला. मग तोही थांबला.

अक्का बाहेर आली. कोपरापर्यंत तिचे हात ओले होते. ती धोंडूसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "लेकरू न्हाई ऱ्हायलं. मुलगी होती. बायको वाचंल. पर आज तिला सोडून कुठं जाऊ नको." नगरला जन्मलेली माझी बहीण त्यांच्या बोलीत बोलत होती, आणि तिला ते ठाऊकही नसावं.

धोंडूनं मान हलवली. ठकाबाईनं अक्काच्या हातांवर पाणी घातलं. रक्त पूर्ण थांबेपर्यंत, दुपारभर, अक्का त्या बाईजवळ बसून राहिली. ऊन तिरपं झाल्यावर आम्ही उतरलो. धुकं गेलं होतं. पठाराच्या कडेला मी सकाळी बसलो होतो ती जागा दिसली. गवत अजून दबलेलं होतं. तिच्या पुढे खरोखरच दहा-बारा पावलांवर जमीन संपत होती आणि खूप खाली कोकणातली शेतं, नद्या, निळसर गावं स्वप्नात दिसावीत तशी पसरली होती. अक्का तिथं थांबली. मला वाटलं, आता रडेल. ती नुसती पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी धोंडू टोपलीभर काकड्या घेऊन आला. टोपली ठेवली, अंगणात तासभर बसला आणि गेला. तो गेल्यावर मी अर्ज काढून अक्कासमोर ठेवला. धोंडूला पाहून मला धीर आला होता, हे मला कबूल केलं पाहिजे. वाटलं, काल जे झालं त्यानंतर ती हो म्हणेल.

तिनं तो नीट, शेवटपर्यंत वाचला. मी अण्णांचं वय सांगितलं, आईचे गुडघे सांगितले. मग चुकीचं बोललो. म्हणालो, तुझी सेवा मोठी आहे, पण नऊ वर्षं पुष्कळ झाली.

"सेवा?" ती म्हणाली. "काल पाहिलीस ना सेवा. मी असले म्हणून सगळे जगतात असं नाही रे. माझ्या जागी दुसरी आली तरी हेच होईल, कदाचित बरं होईल. मी पुण्य करायला राहिले नाही इथं."

"मग?"

ती बराच वेळ काकडीच्या साली काढत राहिली. मग सांगितलं, आणि तेही माझ्याकडे न बघता. नगरच्या घरात ती आत आली की लोकांचा आवाज खाली येतो. अजूनही. हळदीकुंकू असलं की आईच तिला मागच्या खोलीत काहीतरी काम सांगते. इथं पहिल्या वर्षी वाडीतल्या बायकांनी विचारलं, नवरा कुठं? तिनं सांगितलं, मेला. त्या म्हणाल्या, आमच्यातही पुष्कळींचे मेलेत, आणि भात लावायला हाताला धरून घेऊन गेल्या.

"सकाळी दार उघडलं की मला बरं वाटतं," ती म्हणाली. "एवढंच आहे. हे पत्रात कसं लिहू? अण्णांना वाटेल, आपलं घर हिला बरं वाटत नाही."

अर्ज तिनं घडी करून मला परत दिला. पुढचे दोन दिवस आम्ही त्यावर बोललो नाही. तिनं मला खुरासणीच्या (कारळ्याच्या) पिवळ्या शेतांमधून नदीच्या उगमाकडे नेलं. आम्ही थंड पाण्यात पाय सोडून बसलो आणि लहानपणीच्या अगदी किरकोळ गोष्टी आठवत राहिलो. निघताना मात्र ती ओढ्यापर्यंत आली आणि तिथं तिला रडू आलं. म्हणाली, "अण्णांना सांग, ती बरी आहे. आणि समजूत घालायला सांगत नाहीये, खरंच आहे, असंही सांग."

नगरला पोहोचलो तेव्हा संध्याकाळ होती. रस्ता पांढरा, हवा कोरडी. डोळ्यांना उजेड टोचत होता. इतकं लांबवरचं दिसणं नकोसं वाटत होतं. अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्या मागं कोणी आहे का पाहिलं, मग माझ्याकडे. मी रागाची तयारी ठेवली होती. सगळं सांगितलं, धोंडूची मुलगी, कडा, अक्काचे शब्द. मागच्या खोलीचं तेवढं गाळणार होतो, पण तेही सांगून टाकलं.

अण्णा ऐकत राहिले. मग म्हणाले, "उंबरदऱ्याची नोकरी मीच शोधली होती. तुला माहीत नाही. ती तयार नव्हती. दोन वर्षं लांब राहा म्हणालो, तोवर लोक विसरतील."

नऊ वर्षं मी समजत होतो की अक्का आम्हांला सोडून गेली.

थोड्या वेळानं त्यांनी राजूरची गाडी किती वाजता असते ते विचारलं. मी वेळ सांगितली आणि म्हणालो, पण पुढे पाच कोस चालावं लागतं, ओढे आहेत, चढण आहे. ते म्हणाले, "ओढे उतरतील मार्गशीर्षापर्यंत."

मार्गशीर्षात आम्ही दोघं निघालो. अण्णांना ती वाट दीड दिवस लागली. त्यांनी एकदाही किती राहिलं असं विचारलं नाही. उंबरदऱ्याच्या अलीकडच्या वळणावर त्यांनी टोपी काढून झटकली, पुन्हा नीट घातली, आणि मला म्हणाले, "तू मागं थांब जरा. मला एकट्याला जाऊ दे."