कवडूभाऊच्या मागं झाडावं का?

कवडूभाऊ गेल्याची खबर मला दुकानात, एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याचं माप घेताना कळली. तो म्हणाला, "तुमचा तो झाडूगाडीवाला सकाळी बैल जुंपता जुंपता खाली बसला, अन् मंग उठलाच नाई." मी माप तसंच टाकून निघालो. दीड महिना होत आला... त्या दिवशी मी बरोबर वागलो की चूक, याचा अजून उलगडा होत नाही. म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर शिंप्याला लिहिण्याचं काय पडलंय.

मूल गावाकडच्या तलावावर मासे धरणाऱ्या घरातला हा माणूस चांद्याच्या नगरपालिकेत लागला आणि स्टेशनाकडं जाणारी आमची सडक त्याच्या वाट्याला आली. झाडूगाडी म्हणजे बैलांनी ओढायचं यंत्र. पुढं लोखंडी बैठक, मागं चाकाबरोबर फिरणारा काड्यांचा जाडजूड गोल झाडू. धूळ अशी उडायची की माझ्याकडचे पांढरे कपडे तांबूस होऊन जायचे. यावरून आमचं रोजचं भांडण. "पाणी मारून झाडत जा ना," मी म्हणायचो. तो हसायचा, "पानी बैलायले पुरत नाई, सडकेले कुठून आनू, मास्तर?"

पण मला खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. मी कापड आणायला बल्लारपूरला गेलो की माझ्या दारापुढची सडक तेवढी तशीच राहायची. शेजाऱ्यापुढं लख्ख, माझ्यापुढं विड्यांची थोटकं. मला वाटलं, भांडतो म्हणून मुद्दाम करतो. एकदा गाठलाच त्याला. तो बैलाच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "घरचा मानूस गावाले गेला त बाई त्याच्या मागं झाडते का? मंग मी कसा झाडू?" घरातला रिवाज या बहाद्दरानं सडकेवर आणला होता. मुकादमाची बोलणी खायचा, पण ज्या दारातून कुणी स्टेशनाकडं गेलं ते दार त्या दिवशी सोडायचा. याला अडाणीपणा म्हणावा की माया... मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

मग त्याचा एकुलता एक पोरगा सुखदेव ठेकेदाराबरोबर एटापल्लीच्या जंगलात लाकूडतोडीला गेला. बरोबरची माणसं परत आली, हा आला नाही. कुणी म्हणे पुढच्या कामावर गेला, कुणी म्हणे तापानं पडला होता. कवडूभाऊ स्वतः जाऊन शोधून आला, पत्ता नाही. तेव्हापासून त्यानं अंगणाला झाडू लागू दिला नाही. शहर झाडणारा माणूस पाचोळा तुडवत घरात शिरायचा. त्याची बायको गयाबाई वैतागायच्या, "असं किती दिवस, जी?" तो म्हणायचा, "येईल ना थो. आला की झाडजो."

त्या दुपारी तिरडी दाराबाहेर पडली. मयत निघालं की मात्र लगेच मागं घर-अंगण झाडून काढायचं असतं. शेजारणीनं खराटा आणून गयाबाईंच्या हातात दिला. त्या नुसत्याच उभ्या. मी मागं राहिलो होतो, तर माझ्याकडं वळल्या. "मास्तर, हे गेले त यायच्यासाठी झाडावं लागते. पन माहा पोरगा बाहेर हाय. मी का करू?"

झाडा म्हणावं तर सुखदेवाला मीच मेल्यात जमा केला. नको म्हणावं तर कवडूभाऊचं राहून जातं. मला दोघांचंही वाईट वाटत होतं, आणि कुणा एकाची बाजू घ्यायची हिंमत होईना. "बाई, मले समजत नाई," एवढंच बोललो.

त्यांनी खराटा शेजारणीला परत दिला. मग खाली बसल्या आणि अंगणातली पानं हातानं वेचायला लागल्या. तिरडी वळणापर्यंत पोचली होती. मला तिच्यामागं जायचं होतं... मी बाईंच्या बाजूला बसलो आणि पानं उचलू लागलो.

अजून रोज दुकान उघडण्याआधी तिकडं जातो. पानं पडलेलीच असतात, ती दोघं वेचतो. सुखदेवाची काही खबर नाही. वेचणं म्हणजे झाडणंच का, हे बाईंनी मला विचारलं नाही, मीही त्यांना विचारलं नाही. विचारायचं होतं ते कवडूभाऊलाच.