समोरून एक फोटो

"आधी उजेड बघ, माणूस नंतर," असं म्हणत काका स्वतःचा तळवा समोर धरायचे आणि हळूहळू फिरवायचे. बोटांमध्ये सावली कुठे पडते ते बघायचे. तेही लालबागच्या भर रस्त्यात. मागून टॅक्सीवाला शिव्या घालतोय आणि काकांचं लक्ष तळव्यावर. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, म्हातारा स्वतःचं भविष्य वाचतोय.

ते आमच्याच चाळीत राहायचे. परळच्या एका स्टुडिओत त्यांनी जन्मभर लग्नांचे रंगीत फोटो काढले. घरी मात्र फक्त काळे-पांढरे. मी बँकेत नोकरी करणारी, चाळिशीला आलेली. हौस म्हणून रविवारी त्यांच्याकडे शिकायला लागले. पहिल्याच रविवारी त्यांनी मला मिरची गल्लीत नेलं. लाल मिरच्यांची रास, मागे हिरव्या साडीतली बाई. मी खुशीत फोटो काढला. बघते तर सगळं एकच राखाडी.

"गेली ना बाई मिरचीत?" काका हसले. "रंगाने फसवलं तुला."

काकूंचे तर त्यांनी किती फोटो काढले असतील! तांदूळ निवडताना, मोरीत भांडी घासताना, केस विंचरताना.

"अहो, यात माझं तोंड कुठाय?" काकू विचारायच्या.

"मानेवरचा उजेड बघ गं!"

"मान काय, कुणाचीही असते."

एका सकाळी काकू मोरीतच कोसळल्या आणि गेल्या. हार घालायला फोटो हवा होता. काकांनी पलंगाखालचे खोके ओढले. काकूंची बहीण आणि मी शोधायला बसलो. पाठ, मान, हात, गजांची सावली पडलेला अर्धा गाल. पूर्ण चेहरा एकाही फोटोत नव्हता.

बहीण शेवटी म्हणाली, "भावोजी, इतकी वर्षं तुम्ही बघत काय होतात?"

काकांनी खोके परत पलंगाखाली सारले. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. मोठा केल्यामुळे धूसर झालेला, डोळे अर्धवट मिटलेले. तोच भिंतीवर लागला.

नंतर कित्येक महिने त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मी गेले की चहा करायचे आणि त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे. शिकवणं बंदच झालं होतं. मग एका रविवारी तेच माझ्या दारात उभे राहिले, गळ्यात कॅमेरा.

"चल. चाळीतल्या म्हाताऱ्यांचे फोटो काढायचेत. समोरून."

लोकांना ते अभद्र वाटलं. काहींनी तोंडावर दार लावलं. तळमजल्यावरच्या मालवणी आजी तर कडाडल्या, "माका पोचवूक इलंस काय रे?"

"नाय गे आये," काका म्हणाले, "बघूक इलंय."

 आजी पदर सारखा करून दारातल्या स्टुलावर बसल्या. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला आणि नुसतेच आजींकडे बघत राहिले. आजी अवघडल्या. "काढ मा!" म्हणाल्या. काकांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. बऱ्याच वेळाने एकदाच बटण दाबलं.

त्यानंतर बरेच जण बसले. पुढे चाळ पाडायचं ठरलं, आम्ही पांगलो. काका पुतण्याकडे बदलापूरला गेले. तिथे ते कुणाचे फोटो काढत नव्हते, असं पुतण्या म्हणाला. खिडकीपाशी बसून असायचे. तसेच एका दुपारी गेले. मला कळलं तोवर सगळं आटोपलं होतं.

आजींना मीच जाऊन सांगितलं. संक्रमण शिबिरातल्या खोलीत त्या नवऱ्याच्या फोटोखाली भिंतीला टेकून बसल्या होत्या. ऐकून त्यांनी पदर सारखा केला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"माझ्या घोवान पण माका इतको येळ कधी बघूक नाय."